दशावतारी गंजिफा

माझा नातू गेल्या सुटींत चितेगांवास आला, तो पोकेमॉनचीं पानें खिशांत घालूनच. १९९६ सालीं जपानांत निघालेला हा खेळ. प्रत्येक पानावर एक अद्भुत प्राणी. त्याची जात, त्याचें बळ आणि कोणापुढें तो दुबळा पडतो, हें सारें तेथेंच छापलेलें. मुलें हीं पानें जमवितात, आपसांत अदलाबदल करतात. पण संग्रह कधीं पुरा होत नाहीं! "आजोबा, आपल्याकडे असें कांहीं होतें का?" असें त्यानें विचारलें, तेव्हां मला सावंतवाडीच्या गंजिफांची आठवण झाली.

हा खेळ मूळचा इराणकडचा. बाबरानें १५२७ सालीं सिंधमधील शाह हसन यास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. मोगली जोडांत आठ रंग व ९६ पानें. आपल्याकडे रंगांच्या जागीं दशावतार आले आणि पानें १२० झालीं. पान वाटोळें, हातानें रंगविलेलें. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें. मत्स्याच्या पंजीवर पांच मासे, परशुरामाच्या तिर्रीवर तीन परशु. अक्षर एकही नाहीं.

खरी गंमत पुढेंच आहे. पांच रंगांत राजा-प्रधानांखालीं दश्शी मोठी व एक्का सर्वांत हलका. उरलेल्या पांचांत क्रम उलटा, प्रधानामागोमाग एक्काच! हुकूम नाहीं. तिघे खेळाडू, प्रत्येकीं ४० पानें. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हातीं, त्यानें उतारी करावयाची. रात्रीं तो मान कृष्णाकडे. कोणतीं पानें पडून गेलीं हें ज्याच्या ध्यानांत राहील, त्यासच आपल्या हातांतील पानाचें मोल कळतें. राजा व प्रधान पडून गेले कीं उलट्या रंगांतील यःकश्चित् एक्काही अजिंक्य होतो; परंतु तसें त्यावर लिहिलेलें नसतें.

छापील बावन्न पत्ते स्वस्त मिळूं लागले आणि ही कला मागें पडली. १९७० च्या सुमारास शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनीं वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती जाणून घेतली आणि राजवाड्यांत पुन्हां काम सुरू केलें. त्यामुळें चित्रें वांचलीं. खेळाविषयीं मात्र असें म्हणवत नाहीं. एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत मीं दहा राजे कांचेच्या चौकटींत बसविलेले पाहिले. बाकीचीं ११० पानें कोठें आहेत, असें विचारलें, तर ते हंसले. ज्या जोडांतील एक पान हरवलें तरी डाव मोडतो, त्याची ही गत!

आम्हीं जुन्या लग्नपत्रिकांच्या १२० चकत्या कापल्या. नातवानें मासे, कांसवें काढलीं. अवतारांचीं तोंडें मात्र पोकेमॉनसारखीं उतरलीं. दुपारीं तो, त्याची आजी व मी असे तिघे बसलों. त्यानें मोठ्या ऐटींत एक दश्शी टाकली. आजीनें तीवर निमूटपणें त्याच रंगाचा एक्का ठेवला आणि हात उचलला.

"पण आजी, दहा मोठे ना?"

"या रंगांत नाहीं, बाळ," असें म्हणून तिनें पुढचें पान टाकलें.