साचेबद्ध प्लास्टिक भागांपासून अल्पखर्ची निर्वात इजेक्टर : तत्त्व, रचना व मर्यादा

प्रस्तावना :
पदवी स्तरावरील रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बुकनर फनेलद्वारे गाळण करताना निर्वाताची आवश्यकता असते. विद्युत निर्वात पंप प्रत्येक टेबलावर देणे बहुतेक महाविद्यालयांना परवडत नाही. परिणामी एका पंपाभोवती विद्यार्थ्यांचा गट उभा राहतो. एक जण प्रयोग करतो व उर्वरित केवळ निरीक्षण नोंदवितात. नळाच्या पाण्यावर चालणारा प्लास्टिकचा जल-इजेक्टर हा यावरील जुना व सोपा पर्याय होय. प्रस्तुत लेखात त्याचे कार्यतत्त्व, रचना व मर्यादा यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
द्रवाचा वेग व दाब यांतील संबंध डॅनियल बर्नूली यांनी १७३८ मधील ग्रंथात मांडला. प्रवाहाबरोबर शेजारील द्रव ओढला जातो, याविषयीचे प्रयोग व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये प्रसिद्ध केले. हेन्री गिफार्ड यांनी १८५८ मध्ये बाष्पकात पाणी भरणाऱ्या वाफ-इंजेक्टरचे पेटंट घेतले, तर १८६८ मध्ये रॉबर्ट बुन्सेन यांनी जलप्रवाहावर चालणारा गाळणपंप प्रयोगशाळेत रूढ केला. या उपकरणांत हलणारा भाग नसतो, हे त्यांचे समान वैशिष्ट्य आहे.

कार्यतत्त्व :
‘वेग वाढला की दाब घटतो’ एवढेच सांगून हा विषय वर्गात संपविला जातो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. मोकळ्या हवेत सुटलेल्या जलधारेतील दाब हा वातावरणाच्या दाबाइतकाच असतो. निर्वात निर्माण होतो तो पुढील क्रमाने. नोझलमधून वेगाने सुटलेली धार भोवतालच्या हवेला आपल्याबरोबर ओढते व तिला संवेग देते. पाणी व हवेचे बुडबुडे यांचे मिश्रण अरुंद कंठ पूर्ण भरून टाकते. त्यामुळे बाहेरील हवेला मागे येण्यास वाट उरत नाही. पुढे रुंदावत जाणाऱ्या विसारकात मिश्रणाचा वेग कमी होऊन दाब वातावरणाइतका होतो व हवा पाण्याबरोबर बाहेर पडते.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. धारेची ऊर्जा मिश्रणाला वातावरणाच्या दाबाविरुद्ध ढकलण्यास पुरेशी नसेल, तर चांगला निर्वात मिळणार नाही. म्हणूनच गच्चीवरील टाकीच्या लगत खाली असलेल्या मजल्यावर इजेक्टर निकामी वाटतो व तोच तळमजल्यावर समाधानकारक चालतो. दोष उपकरणाचा नसून पाण्याच्या दाबाचा असतो.

रचना :
साचा तयार करणे खर्चिक असते. भाग मात्र स्वस्त पडतो. त्यामुळे मोजक्या नगांसाठी नवा साचा न करता बाजारातील साचेबद्ध भाग वापरणे श्रेयस्कर ठरते. नळकामातील अर्धा इंची टी हा इजेक्टरचा देह होऊ शकतो. एक मिलिलिटर मायक्रोपिपेटचे निळे टोक सुमारे २ मिमी व्यासावर काटकोनात कापल्यास नोझल मिळते. दुसरे टोक सुमारे ३ मिमी व्यासावर कापून उलट दिशेने बसविल्यास त्याचे अरुंद मुख कंठाचे व पुढील भाग विसारकाचे कार्य करतो. या टोकाचा निमुळतेपणा सुमारे पाच ते सहा अंश असून विसारकासाठी तो अनुकूल आहे. कोन याहून बराच मोठा असल्यास प्रवाह भिंतीपासून सुटतो व दाबाची पुनर्प्राप्ती घटते. टीची आडवी शाखा गाळण चंबूकडे जाते.

दोन्ही टोके छिद्र पाडलेल्या रबरी बुचांत घट्ट बसवावीत व पाण्याच्या बाजूचे बूच तारेने बांधावे. नोझल व कंठ यांतील अंतर आरंभी ३ ते ४ मिमी ठेवून ते प्रयोगाने निश्चित करावे. दोन्हींचे अक्ष एका रेषेत असणे सर्वांत महत्त्वाचे; धार तिरपी गेल्यास कंठ भरत नाही. निर्गम टोकास एक मीटर लांबीची उभी नळी जोडल्यास, ती पूर्ण भरून वाहत असताना, तत्त्वतः सुमारे ७४ मिमी पाऱ्याइतका लाभ होतो. बुडबुड्यांमुळे प्रत्यक्ष लाभ कमी असतो.

पिपेटची टोके पॉलिप्रोपिलीनची असतात. हे प्लास्टिक सौम्य आम्ले, अल्कली व अल्कोहोल सहन करते. परंतु टोल्यूनसारख्या द्रावकांत फुगते. ते सामान्य गोंदाने चिकटत नाही, म्हणून येथे बुचाची जोडणीच योग्य ठरते.

मर्यादा व दक्षता :
जल-इजेक्टर पाण्याच्या बाष्पदाबाखाली जाऊ शकत नाही. हा दाब २० अंश सेल्सिअसला १७.५ मिमी, ३० अंशांना ३१.८ मिमी व ४० अंशांना ५५.३ मिमी पारा असतो. म्हणजे उन्हाळ्यात निर्वाताची मर्यादा आपोआप खालावते.

पाण्याचा खर्च हा अधिक गंभीर प्रश्न होय. दहा मीटर उंचीच्या टाकीखाली, घर्षण दुर्लक्षिल्यास, धारेचा वेग सेकंदास १४ मीटर येतो. ३ मिमी नोझलमधून मिनिटाला सुमारे ६ लिटर पाणी जाते. दहा टेबलांवर अर्धा तास प्रयोग चालल्यास १८०० लिटर. अवर्षणप्रवण तालुक्यातील महाविद्यालयास हे समर्थनीय नाही. २ मिमी नोझल वापरल्यास हा खर्च निम्म्याहून कमी होतो. पिंप व घरगुती पंप यांच्या साहाय्याने तेच पाणी फिरविणे हा उचित मार्ग आहे. मात्र पाणी तापते व त्यात द्रावकाची वाफ साठते, म्हणून ते वेळोवेळी बदलावे. विषारी वा ज्वलनशील वाफा अशा रीतीने ओढू नयेत.

नळ बंद करण्यापूर्वी नळी सोडवून हवा आत घ्यावी, अन्यथा पाणी चंबूत उलटते. मध्ये सापळा-बाटली असणे आवश्यक. गाळणासाठी जाड काचेचा चंबूच वापरावा.

समारोप :
हा इजेक्टर विद्युत निर्वात पंपाची जागा घेणार नाही. तथापि नोझलचा व्यास व कंठाचे अंतर बदलून निर्वातमापीवर होणारा फरक विद्यार्थी स्वतः पाहू शकतो. प्रत्येक टेबलावर गाळण होईल व पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र या दोन विभागांना एक समाईक प्रयोग मिळेल, हे या छोट्या उपकरणाचे शैक्षणिक मोल होय.