घरच्या शिवणकामाचें वार्षिक अंदाजपत्रक

शेतकऱ्याच्या घरीं वर्षाचा बेत कोणत्या शेतांत काय पेरावें येथून सुरू होतो आणि बहुधा तेथेंच संपतो. बियाणें, खत, वैरण, मजुरी व सोसायटीचा हप्ता यांची बेरीज-वजाबाकी पारावर आणि बांधावर नित्य चाललेली असते. परंतु त्याच घरांतील माणसें थंडीच्या दिवसांत कशावर निजणार व काय पांघरणार, याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. तो घरांतील बायकांच्या मनांत असतो, आणि मनांतला हिशेब कामाच्या रगाड्यांत मागें पडतो. मार्गशीर्षांत गार वारें सुटलें म्हणजे विरलेली वाकळ हातीं येते. मग घाईनें बाजारांतून एक गुळगुळीत ब्लँकेट आणिलें जातें, आणि पेटींतील जुनीं लुगडीं एखाद्या पातेल्याच्या मोबदल्यांत बोहारणीच्या गांठोड्यांत जातात.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्यांत पत्रकें भरण्यांत गेलें. तेथें एक गोष्ट पक्की ध्यानांत आली: ज्या बाबीस रकाना नाहीं ती बाब सरकारास दिसत नाहीं. घरच्या शिवणकामाचेंही तसेंच आहे. त्यास रकाना नाहीं, म्हणून त्याची गरज दिसत नाहीं, आणि तें करणारीची मेहनतही दिसत नाहीं. पिकाच्या बेताबरोबर गोधडीचाही बेत वर्षारंभीं मांडावा, एवढेंच ह्या लेखाचें सांगणें आहे.

पाहणी

महसुली वर्ष १ ऑगस्टपासून धरतात. शिवणकामाचें वर्ष घटस्थापनेपूर्वीच्या धुण्यापासून धरावें. नवरात्र बसण्यापूर्वी घरांतील अंथरुणें-पांघरुणें नदीवर, ओढ्यावर किंवा विहिरीवर नेऊन धुण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. घरांतील एकूण एक गोधडी उन्हांत पसरलेली दिसते, असा वर्षांतील हाच दिवस. त्याच दिवशीं एका वहींत नोंद करावी. रकाने चार पुरेत: गोधडी कोणती, किती वर्षांची, स्थिती काय, आणि कोण वापरतें. स्थितीचे प्रकार तीन: धड, डागडुजीची आणि मोडीत काढण्याची. उन्हापुढें धरली असतां जेथून उजेड आरपार येतो तेथें आंतले थर विरले आहेत असें समजावें. नुसता वरचा कपडा फाटला असेल तर ठिगळानें भागतें. दोरा तुटून थर सरकले असतील तर तेवढ्या पट्ट्यांत पुन्हां धावदोरा घातला कीं ती गोधडी आणखी कांहीं वर्षें काढते.

नोंद झाल्यावर भागाकार करावा. समजा, घरांत सात माणसें आहेत. प्रत्येकास खालीं एक व वर एक, म्हणजे १४, आल्या-गेल्या पाहुण्यांसाठीं ४, एकूण १८. डागडुजी करून एक गोधडी ९ वर्षें टिकते असें धरलें, तर दरवर्षीं २ नव्या गोधड्या लागतात. ज्यांच्या घरीं टिकण्याचीं वर्षें कमी-अधिक भरतील त्यांनीं आपल्या वहीवरून आंकडा काढावा. दोन ही संख्या लहान दिसते. परंतु पांच वर्षें एकही शिवली नाहीं, तर १० गोधड्यांची थकबाकी होते. थकबाकी वाढली म्हणजे ती फेडणें किती कठीण, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

ह्याच वेळीं येत्या वर्षांतील घरचे प्रसंगही वहींत मांडावे. लेक पहिल्या बाळंतपणास माहेरीं येणार असेल, तर दुपट्यांसाठीं घरांतील सर्वांत जुनें व मऊ सुती कापड आधींच निराळें काढून, उकळून, वाळवून ठेवावें. मुलगा शिकावयास वसतिगृहांत जाणार असेल तर त्याचें अंथरूण वेगळें धरावें. घरांत म्हातारी आत्याबाई असेल तर तिच्यासाठीं तीन थरांचीच हलकी गोधडी शिवावी. जड वाकळ अंगावर ओढणें वृद्ध माणसास जमत नाहीं.

कापडाची जमा

खर्चाचा आंकडा ठरला, आतां जमेकडे पाहूं. जुन्या नऊवारी लुगड्याची लांबी ९ वार, म्हणजे २७ फूट. त्याचे चार समान भाग केले तर प्रत्येक भाग पावणेसात फुटांचा होतो, आणि पन्हा ४५ इंच धरला तर एका लुगड्यांतून चार थरांचें एका माणसाचें पांघरूण निघतें. चौघडी हा शब्दही ह्या चार घड्यांचाच आहे. नऊ हाती धोतर साडेतेरा फुटांचें. त्याचे दोन थर होतात. सहावारी पातळ १८ फुटांचें. त्याचे सहा-सहा फुटांचे तीन थर होतात. आपल्या आज्या-पणज्यांनीं फुटपट्टी न घेतां हें गणित साधलें होतें. जुनें कापड थरांवर थर घालून शिवण्याची विद्या इतर प्रांतींही आहे: बंगालची कांथा, बिहारची सुजनी आणि उत्तर कन्नड जिल्ह्यांतील सिद्दी लोकांची कवंदी हीं त्याच कुळांतील होत.

अडचण अशी कीं, हल्लीं पेटींत निघणारें बहुतेक कापड कृत्रिम धाग्याचें असतें. दुसऱ्या महायुद्धांत कापडाची टंचाई होऊन १९४३ सालीं सरकारास कापड व सूत यांवर नियंत्रण आणावें लागलें. त्या काळीं जुनें धडोतें म्हणजे घरची ठेव होती. पुढें कापड मुबलक झालें, पण रोजच्या वापरांतील सुती लुगडें मागें पडलें. कृत्रिम धाग्याचें पातळ धुवावयास सोपें व टिकाऊ असतें, हा त्याचा गुण मान्य केला पाहिजे. मात्र अंथरुणास तें गैरसोयीचें. साधारण हवेंत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारें साडेआठ टक्के ओल धरतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाहीं. म्हणून सुती गोधडी घाम टिपते, आणि कृत्रिम कापडाची अंगास चिकटते. शिवाय विस्तवाची ठिणगी पडली असतां हें कापड वितळतें व कातडीस चिकटून बसतें. जेथें मुलें चुलीपाशीं किंवा शेकोटीपाशीं निजतात, तेथें ही गोष्ट अवश्य ध्यानांत धरावी. सुती कापडही पेटतें, तेव्हां विस्तवापासून अंतर हवेंच. परंतु अंगालगतचा थर तरी सुती असावा.

यावर उपाय खरेदीच्या दिवशींच करावयाचा. दिवाळीस कापड घेतांना घरांतील प्रत्येक बाईमाणसामागें निदान एक वस्त्र सुती घ्यावें. आज घेतलेलें सुती पातळ चार-पांच वर्षांनीं गोधडीचे तीन थर देऊन जाईल. जुन्या सुती चादरी, धोतरें व सदरे बोहारणीस देण्यापूर्वी वही पाहावी. तिला कांहीं द्यावयाचेंच असेल तर तें कृत्रिम कापडांतून द्यावें.

जमविलेलें कापड शिवण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्या. जाड कांठ कापून काढावे, कारण त्यांतून सुई जात नाहीं. तेच कांठ पुढें कडेस लावण्याच्या उपयोगीं पडतात. नवें कापड जुन्याबरोबर घालावयाचें असेल तर तें आधीं भिजवून आटवून घ्यावें, नाहीं तर पहिल्याच धुण्यांत गोधडीस चुण्या पडतात. गडद रंगाच्या तुकड्यावर ओला पांढरा फडका चोळून रंग सुटतो कीं काय तें पाहावें.

दोरा व दिवस

पावणेसात फूट लांब व ४५ इंच रुंद अशी गोधडी घेतली, आणि धावदोऱ्याच्या ओळी पाऊण-पाऊण इंचावर धरल्या, तर ६० ओळी होतात. प्रत्येक ओळ ८१ इंचांची, म्हणजे सरळ लांबी १३५ वार. दोरा थरांतून खालीं-वर जातो, त्यासाठीं चौथा हिस्सा अधिक धरला तर सुमारें १७० वार दोरा लागतो. दुहेरी घातल्यास ३४० वार. अर्ध्या इंचावर ओळी घातल्या तर ९० ओळी होतात व एकेरी दोरा सुमारें २५० वार लागतो. पुष्कळ ठिकाणीं कडेपासून आरंभ करून चौफेर फेरे घालीत मध्याकडे येतात. अंतर तेंच ठेवलें तर दोऱ्याचा हिशेब फारसा बदलत नाहीं. रीळ घेतांना त्यावरील लांबीचा आंकडा वाचून घ्यावा. दोरा सुती असावा. कठीण कृत्रिम दोरा जुन्या मऊ कापडास कापीत जातो.

ओळी जवळ-जवळ घातल्या म्हणजे ऊब वाढते असा एक समज आहे. वास्तविक ऊब देते ती थरांमध्यें अडकलेली हवा. फार दाट टांक्यांनीं थर दाबले जातात व गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. फार विरळ टांक्यांनीं थर सरकतात. रोजच्या वापरास पाऊण इंच हें मध्यम अंतर होय. थरांची संख्याही अशीच बेतानें धरावी. सुती कापड भिजलें म्हणजे आपल्या वजनाहून अधिक पाणी धरतें, आणि सात-आठ थरांची ओली वाकळ पिळणें म्हणजे कंबर मोडून घेणेंच. त्यापेक्षां चार थरांच्या दोन गोधड्या शिवाव्या. थंडींत दोन्ही पांघराव्या, उन्हाळ्यांत एक.

आतां दिवस. जेवणें आटोपल्यावर दुपारीं एका बाईनें चार ओळी घातल्या असें धरलें, तर ६० ओळींच्या गोधडीस १५ दुपारी लागतात, आणि दोन गोधड्यांस ३०. समोरासमोर दोघी बसल्या तर दिवस निम्मे होतात. ह्या दुपारी वर्षांत कोठें सांपडतील, हें आतां पाहूं.

महिनेवार आराखडा

भाद्रपदाच्या अखेरीस धुणें, पाहणी व नोंद. कार्तिकांत दिवाळीची खरेदी झाल्यावर जुनें कापड निराळें काढणें, धुणें, कांठ कापणें व घड्या करून ठेवणें. मार्गशीर्ष-पौषांत तूर, कपाशी व रब्बीचीं कामें असतात. त्यांत मोठें शिवणकाम काढूं नये, फाटेल तेवढें टांचून घ्यावें. माघ-फाल्गुनांत ज्वारीची काढणी व खळें. चैत्र व वैशाख हे दोन महिने गोधडीचे खरे महिने. दिवस मोठा, उजेड भरपूर, जमीन कोरडी आणि जिराईत शेतास उसंत. ह्या साठ दिवसांतील निम्म्या दुपारी राखल्या तरी दोन गोधड्या पुऱ्या होतात. मृग निघण्यापूर्वी त्या उन्हांत तापवून, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवाव्या. आषाढ-श्रावणांत ओल असते व उजेड कमी, म्हणून त्या दिवसांत दुपटीं, उशांच्या खोळी, पिशव्या व ठिगळें अशीं मांडीवर मावणारीं कामें करावीं.

हा आराखडा जिराईत घराचा आहे. तो सर्वांस जसाच्या तसा लागू पडणार नाहीं. बागायती घरास चैत्र-वैशाखांतही उसंत नसते. त्यांनीं आठवड्यांतील दोन दुपारी वर्षभर बांधून घ्याव्या. बीड व आसपासच्या भागांतून ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात व उन्हाळा लागल्यावर परततात. उघड्या रानांत कोपींत थंडी काढणाऱ्या ह्या कुटुंबांस गोधडीची गरज सर्वांत अधिक, आणि शिवणकामास अवधि सर्वांत कमी. त्यांनीं परतल्याबरोबर पाहणी करून मृगापूर्वी एक तरी गोधडी उरकावी, व लहानसहान डागडुजी श्रावणांत करावी. कोंकणांत भात झोडून झाल्यावर पुढें उन्हाळ्यापर्यंत जो मोकळा काळ मिळतो तोच ह्या कामास योग्य.

मेहनतीचा मोबदला

शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. १५ दुपारी म्हणजे अर्धा-अर्धा दिवस धरला तर साडेसात दिवसांची मजुरी होते. आपल्या गांवांत जो मजुरीचा दर असेल त्यानें गुणून पाहावें, म्हणजे पेटीवर घडी घालून ठेवलेल्या गोधडींत किती रुपयांचे श्रम आहेत तें कळेल. अलीकडे शहरांतील लोक हातशिलाईची गोधडी आवडीनें घेतात, आणि बचत गटांतील बायकांस तशीं कामें मिळूं लागलीं आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळासारखी संस्था १९७५ सालापासून राज्यांत आहे. बचत गटांच्या मार्गें तिच्याशीं संबंध जोडतां येतो. परंतु काम पत्करतांना कापड, दोरा व साडेसात दिवस हे तिन्ही आंकडे मांडूनच दर सांगावा. "जुन्या चिंध्यांचे एवढे पैसे?" असें विचारणारास वही दाखवावी.

विक्रीसाठीं नव्हे, घरासाठींच शिवावयाचें असेल तरीही हा रकाना भरावा. घरधन्यानें चैत्र-वैशाखांत ठरलेल्या दुपारीं चार वाजेपर्यंत बाईमाणसास शेतावर हांक मारूं नये. ओल्या गोधड्या पिळावयास व दोरीवर टाकावयास घरांतील तरण्या पोरांनीं हात लावावा. मुलींबरोबर मुलांनाही धावदोरा शिकवावा. वसतिगृहांत राहणाऱ्यास तो हटकून उपयोगीं पडतो.

येत्या घटस्थापनेपूर्वी गोधड्या वाळत पडल्या म्हणजे आमच्या शेतकरी बंधूंनीं व भगिनींनीं अर्धा तास काढून हें पत्रक भरावें. किती धड, किती डागडुजीच्या, किती मोडीत. किती लुगडीं शिल्लक. आणि कोणत्या तीस दुपारी शिवणकामास राखल्या. पिकाच्या अंदाजाच्या वहींतच, शेवटच्या पानावर, हे आंकडे लिहिले तरी पुरे.