कानात गाणं, पायाला घाई

जळगाव जामोदहून नांदुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिवाळ्यात पहाटे कोणी पळताना दिसलं, की बघणारा एकच विचारतो, "कोणती भरती निघाली?" पळायचं ते पोलीस भरतीसाठी नाहीतर अग्निवीरसाठी, हे तालुक्याच्या गावांत इतकं पक्कं झालंय की एखाद्या दवाखान्याला किंवा शाळेला मदत म्हणून पाच किलोमीटर पळायला निघालेला चाळिशीतला माणूस लोकांच्या हिशेबातच बसत नाही. आणि गंमत अशी की तो माणूससुद्धा भरतीच्या पोट्ट्यांकडे बघूनच पळायला शिकतो. कानात इअरफोन, त्यात धडधडणारं गाणं, पहिल्याच दिवशी जीव तोडून पळणं आणि चौथ्या दिवशी पोटऱ्या चोळत घरी बसणं. यातलं बरंचसं चुकीच्या समजुतींमुळे होतं.

"हळू पळून काय होते बाप्पा?"

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर पळावं लागतं आणि पूर्ण २० गुणांसाठी ते ५ मिनिटं १० सेकंदांत संपवावं लागतं. म्हणजे किलोमीटरला जेमतेम सव्वातीन मिनिटं. ती परीक्षाच वेगाची आहे. मदतीसाठीच्या दौडीत गुण नसतात, आणि अंतर तिपटीहून जास्त असतं. नवशिक्यानं किलोमीटरला आठ मिनिटं धरली तरी पाच किलोमीटर चाळीस मिनिटांत होतात, आणि चाळीस मिनिटं न थांबता पळणं ही काही लहान गोष्ट नाही.

नवशिक्यांसाठी जगभर चालणारी एक साधी पद्धत जॉश क्लार्क या अमेरिकी माणसानं १९९६ मध्ये बसवली. नऊ आठवडे, आठवड्यातून तीनच दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. "मध्येच चाललो म्हणजे हरलो" असं आपल्याकडे वाटतं, पण या पद्धतीत चालणं हा सरावाचाच भाग आहे. वेग बरोबर आहे का हे ओळखायला घड्याळही लागत नाही. पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागली की वेग जास्त झाला.

गुडघ्यांची भीती तर घराघरांत घातली जाते. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हौसेनं पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याची किंवा खुब्याची झीज ३.५ टक्के लोकांत आढळली आणि अजिबात न पळणाऱ्या, बैठ्या लोकांत १०.२ टक्के. स्पर्धेसाठी वर्षानुवर्षं पळणाऱ्यांत मात्र ती १३.३ टक्के होती. तेव्हा गुडघ्याच्या भीतीनं खुर्चीत बसून राहण्यात काही शहाणपण नाही. ज्यांना बीपी, शुगर किंवा छातीत दुखण्याचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, यात वाद नाही.

बुटांबद्दलही असंच. बारामती मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात लता भगवान करे नऊवारीत, अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते म्हणून त्या पळाल्या होत्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यांनी स्वतःच त्यात काम केलं. ही गोष्ट सांगून लोक दोन टोकांचे निष्कर्ष काढतात. एक म्हणतो बूट लागतच नाहीत, दुसरा म्हणतो त्या वेगळ्या, आपल्याला दहा हजारांचेच हवेत. आयुष्यभर शेतात अनवाणी राबलेले पाय आणि दिवसभर टेबलाखाली असलेले पाय सारखे नसतात. पायाला नीट बसणारा, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा ठेवणारा साधा पळण्याचा बूट पुरतो.

"गाणं जितकं फास्ट, तितकं पळणं जोरात"

गाण्यामुळे पळणं सोपं वाटतं, हे खरं आहे. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कोस्टास काराजॉर्जिस यांनी या विषयाला आयुष्य दिलंय. २०२० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १३९ अभ्यास एकत्र तपासले. संगीतानं मन प्रसन्न राहतं, कष्ट कमी जाणवतात आणि कामगिरी थोडी सुधारते, असं त्यातून दिसलं. यातला "थोडी" हा शब्द मात्र लोक गाळतात. हलक्या आणि मध्यम वेगात गाण्याचा उपयोग जास्त. धाप लागायला लागली की शरीराची बोंब गाण्याच्या वर जाते आणि मग कितीही ढोल वाजवा, पाय जड ते जडच. शेवटच्या चढावर गाणं ओढून नेईल, या भरवशावर राहू नये. ठेकाही वाढवत नेला म्हणून फायदा वाढत जात नाही. पावलं न जुळवता नुसतं ऐकायचं असेल, तर मिनिटाला साधारण १२० ते १४० ठोक्यांपर्यंतच बहुतेकांना गाणं मानवतं.

इथिओपियाचा हैले गेब्रसेलासी १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला इनडोअर दोन हजार मीटरचा विश्वविक्रम करताना मैदानात त्याचं आवडतं गाणं वाजवून घेत होता आणि त्या ठेक्यावर पाय टाकत होता. पण त्यानं स्वतःच्या पावलांना जुळणारं गाणं निवडलं होतं. आपण उलट करतो, डीजेवर जे गाजतंय ते लावतो आणि पावलं त्याच्यामागे फरफटत नेतो. पहिला किलोमीटर हवेत, तिसऱ्यात पोटात कळ.

याचा उपाय घरच्या घरी आहे. सरावात तुमच्या सोयीच्या वेगात पळताना ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकला ते मोजा आणि चारनं गुणा. चाळीस वेळा टेकला तर मिनिटाला १६० पावलं झाली. आता गाण्याचे ठोके १५ सेकंद मोजून चारनं गुणा. ते १६० च्या आसपास किंवा बरोबर निम्मे, ८० च्या आसपास आले तर गाणं जुळलं. आणि हो, मिनिटाला १८० पावलं पडलीच पाहिजेत, हे मोबाइलवर सांगणाऱ्यांचं ऐकू नका. तो आकडा १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या धावपटूंकडे बघून जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकानं नोंदवला होता. आपण तिथं पळणार नाही आहोत.

तालावर अंतर कापणं आपल्या भागाला कोणी बाहेरून शिकवायला नको. शेजारच्या शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा वारकरी महिन्याहून जास्त काळ टाळ-मृदंगाच्या साथीनं चालतात. मृदंग वाजवणारा स्वतःही चालत असतो, म्हणून चढ आला की ठेका आपोआप ओसरतो. मोबाइलला चढ कळत नाही, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

"इअरफोन काय, सगळेच लावतात"

कपाशीच्या हंगामात पहाटेपासून आपल्या रस्त्यांवर भरलेल्या ट्रॉल्या आणि ट्रक धावत असतात. अनेक ठिकाणी डांबर संपलं की थेट खड्डा. दोन्ही कान बंद करून अशा रस्त्यावर पळणं हा निव्वळ मूर्खपणा आहे. एकच कान वापरा, आवाज हलका ठेवा, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूनं पळा. अधिकृत स्पर्धांमध्ये तर जागतिक ॲथलेटिक्सचे नियम धावपटूला मोबाइल किंवा तत्सम उपकरण वापरू देत नाहीत. हौशी दौडीत बहुधा चालतं, पण नियम वाचून घ्यावेत.

आयोजकांसाठीही एक गोष्ट. ऊन टाळायला आपल्याकडे दौड साडेपाचला सोडायचा मोह होतो आणि उत्साहाला डीजे ठेवला जातो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. काम पुण्याचं असलं म्हणून नियम सुटत नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. "पळण्याआधी दोन लिटर पिऊन घे" हा सल्ला धोक्याचा आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं, आणि त्यामागचं मोठं कारण जास्त पाणी पिणं हे होतं. तहान लागेल तसं प्या. उन्हाळ्याच्या तोंडावर दौड असेल तर शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, तेवढे आधीपासून हाताशी ठेवा.

"फी भरली म्हणजे दान झालं"

बहुतेक वेळा नाही. नोंदणीच्या पैशांतून टी-शर्ट, पदक, नाश्ता, मंडप जातो. उरलं तर संस्थेला. मुंबई मॅरेथॉनमध्येही धावपटू संस्थेसाठी वेगळा निधी उभा करतात, तो नोंदणीच्या पैशांहून निराळा असतो. टी-शर्टच्या बदल्यात दिलेल्या फीवर देणगीची करसवलत मागता येत नाही. खरी देणगी दिली तरी २००० रुपयांवरची रक्कम रोख दिल्यास सवलत बुडते, आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही.

गावातल्या एखाद्या गटानं दौडीच्या नावानं वर्गणी काढली, तर गणेश मंडळांना जे लागतं तेच त्यांनाही लागतं, म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी. तेव्हा नाव नोंदवताना टी-शर्टचा साइज सांगण्याआधी विचारा, माझ्या पैशांतले किती रुपये रुग्णापर्यंत किंवा शाळेपर्यंत जाणार? आणि पावतीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक बघूनच पैसे द्या.