ठकास महाठक : ठकसेनांच्या खेळकर मालिकांचे आकर्षण

ठकसेनांवरच्या खेळकर दूरचित्रवाणी मालिका या गुन्हेकथेचाच एक पोटप्रकार असल्या, तरी त्यांची घडण नेहमीच्या गुन्हेकथेच्या उलट असते. गुन्हेकथेत गुन्हा आधी घडतो आणि कथा त्याचा माग काढत जाते. या मालिकांत गुन्हा अजून व्हायचा असतो, तो करणारी माणसेच नायक असतात आणि त्यांचा बेत तडीस जावा म्हणून प्रेक्षक श्वास रोखून बसतो. बीबीसीवर 2004 ते 2012 या काळात आठ पर्वे चाललेली ‘हसल’, अमेरिकेत 2008 मध्ये सुरू होऊन पाच पर्वे रंगलेली ‘लेव्हरेज’ आणि जपानच्या फुजी वाहिनीने 2018 मध्ये दाखवलेली ‘द कॉन्फिडन्स मॅन जेपी’ या तीन मालिका तीन निरनिराळ्या समाजांतून आल्या, तरी त्यांचा सांगाडा थक्क व्हावे इतका सारखा आहे. स्वतःच्या खात्यातून चार पैसे गेले तरी ज्याची झोप उडते, तोच प्रेक्षक दुसऱ्याचे लाखो हातोहात लांबवणाऱ्या टोळीवर लोभ का करतो, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा ठरतो. या मालिकांचा खेळकरपणा विषयातून आपोआप येत नाही. लेखकांनी काळजीपूर्वक केलेल्या काही निवडींमधून तो घडवला जातो, आणि त्या निवडी नीट पाहिल्या म्हणजे प्रेक्षकाला आनंद कशाने होतो हे जसे कळते, तसेच त्या आनंदासाठी कशावर पडदा टाकला जातो हेही कळते.

या परंपरेचे मूळ एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी शहरांत सापडते. 1849 मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाच्या इसमाला अटक झाली. चांगल्या पोशाखात वावरणारा हा माणूस रस्त्यात अनोळखी गृहस्थाशी जुनी ओळख असल्यासारखा बोलू लागे, आणि आपल्यावर विश्वास ठेवून घड्याळ उद्यापर्यंत आपल्याकडे ठेवाल का, असे सरळ विचारून ते घेऊन पसार होई. त्याच्यावरच्या बातम्यांमधून ‘कॉन्फिडन्स मॅन’, म्हणजे विश्वास संपादून लुबाडणारा, हे नाव रूढ झाले. या धंद्याचे शास्त्रशुद्ध वर्णन मात्र एका भाषाशास्त्रज्ञाने केले. लुईव्हिल विद्यापीठातील डेव्हिड मॉरर हे गुन्हेगारांच्या बोलीचा अभ्यास करत असताना त्यांच्या कामाच्या पद्धतींपर्यंत पोहोचले आणि 1940 मध्ये त्यांनी ‘द बिग कॉन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी दोन प्रकार वेगळे केले आहेत: सावजाच्या खिशात त्या क्षणी जेवढे असेल तेवढेच काढून घेणारा तो छोटा डाव, आणि सावजाला घरी किंवा बँकेत पाठवून मोठी रक्कम आणायला लावणारा तो मोठा डाव.

मोठ्या डावाच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. टोळीतील एक जण पैसेवाले सावज हेरून त्याला घेरून आणतो. दुसरा, ज्याला ‘आतला माणूस’ म्हणतात, त्याच्यासमोर आडमार्गाने झटपट पैसा मिळवण्याची युक्ती ठेवतो. मग खात्री पटावी म्हणून सावजाला एकदा थोडा नफा खरोखरच मिळू दिला जातो, आणि त्यानंतर तो आपण होऊन मोठी रक्कम घेऊन येतो. हे सारे घडते एका बनावट दुकानात, म्हणजे भाड्याची जागा, भाड्याची माणसे आणि खोटी कागदपत्रे वापरून उभ्या केलेल्या सट्टापेढीत किंवा दलालाच्या कचेरीत. 1973 मधील ‘द स्टिंग’ या चित्रपटातली सट्टापेढी अशाच दुकानांच्या धर्तीवर रचलेली होती. पॉल न्यूमन आणि रॉबर्ट रेडफर्ड यांच्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात ऑस्कर पारितोषिके मिळाली, आणि पुढच्या मालिकांनी आपला साचा बव्हंशी याच चित्रपटापासून घेतला.

या धंद्यातील एक जुना छोटा डाव सविस्तर पाहिला, म्हणजे मालिकांना हा विषय का मानवतो ते स्पष्ट होते. साध्या कपड्यांतला एक वृद्ध वादक खानावळीत जेवतो, पाकीट घरी राहिल्याचे सांगतो आणि पैसे आणीपर्यंत आपले व्हायोलिन तारण म्हणून मालकाकडे ठेवून जातो. तेवढ्यात दुसऱ्या टेबलावरचा रुबाबदार गृहस्थ ते वाद्य निरखून पाहतो, हे दुर्मीळ असून आपण त्यासाठी भलीमोठी किंमत मोजू असे सांगतो आणि घाई असल्याने आपले कार्ड ठेवून निघून जातो. वादक परततो तेव्हा मालकापुढे दोन मार्ग असतात: निरोप प्रामाणिकपणे देणे, किंवा तो दडपून वाद्य स्वतः स्वस्तात विकत घेणे. मालकाने दुसरा मार्ग धरला, तर गल्ल्यातील शिल्लक वादकाच्या हाती जाते आणि मालकाच्या हाती एक टाकाऊ व्हायोलिन व खोट्या पत्त्याचे कार्ड उरते. या डावात कोणीही मालकावर जबरदस्ती केलेली नसते. पहिला मार्ग त्याला अखेरपर्यंत मोकळा असतो, आणि तो धरला तर त्याचे काहीही जात नाही. नाट्याच्या दृष्टीने ही रचना बिनतोड आहे, कारण तिच्यात परीक्षा, निवड आणि शिक्षा ही तिन्ही एकाच प्रसंगात येतात आणि शिक्षा देणारा हात पात्राचा स्वतःचाच असतो.

‘हसल’ या मालिकेने याच रचनेला आपले धर्मसूत्र केले. टोनी जॉर्डन यांनी निर्माण केलेल्या या मालिकेत मिकी ब्रिक्स हा नायक आणि त्याचे साथीदार वारंवार बजावतात, की प्रामाणिक माणसाला फसवता येत नाही. म्हणून त्यांचे सावज नेहमी लोभी, उर्मट आणि दुसऱ्यांना नाडलेले असते. ‘लेव्हरेज’ त्याच्याही पुढे जाते. तिचा नायक नेथन फोर्ड हा विमा कंपनीचा माजी तपास अधिकारी आहे, आणि त्याच कंपनीने उपचारांचा खर्च नाकारल्यामुळे त्याचा मुलगा दगावलेला आहे. प्रत्येक भागात एखाद्या बड्या कंपनीने किंवा धनदांडग्याने नागवलेला सामान्य माणूस त्याच्या टोळीकडे येतो आणि टोळी त्याचे गेलेले परत मिळवून देते. ही मालिका डिसेंबर 2008 मध्ये, लीमन ब्रदर्स ही बँक बुडाल्यानंतर तीनच महिन्यांनी सुरू झाली. लोकांची घरे आणि बचत बुडाली असताना त्या पडझडीला हातभार लावणारे बहुतेक सहीसलामत सुटत होते, त्या दिवसांत जे न्यायालयात घडत नव्हते ते पडद्यावर घडताना पाहणे ही प्रेक्षकाची खरी भूक होती.

प्रेक्षकाच्या या मानसिकतेचा विचार मानसशास्त्रज्ञांनी केलेला आहे. डॉल्फ झिलमन यांच्या मते कथा पाहणारा माणूस सतत नैतिक पंचाचे काम करत असतो: पात्रांच्या वागण्यावरून तो त्यांना पसंत किंवा नापसंत करतो, पसंतीच्या पात्राचे भले झाले आणि नावडत्याला योग्य ती अद्दल घडली की त्याला आनंद होतो. दुसरीकडे अल्बर्ट बांडुरा यांनी नैतिक अलिप्ततेची कल्पना मांडली, म्हणजे ज्या युक्तिवादांच्या आधारे माणूस आपल्या सदसद्विवेकाची टोचणी तात्पुरती बोथट करतो त्यांचे वर्णन केले; उद्दिष्ट थोर होते, नुकसान किरकोळ होते, समोरच्याने ते स्वतःवर ओढवून घेतले, असे हे युक्तिवाद असतात. ठकसेनांच्या मालिका हे तिन्ही युक्तिवाद प्रेक्षकाला तयार करून देतात. सावजाने आधी कोणाला तरी लुबाडलेले असते, गेलेला पैसा त्याला सहज परवडणारा असतो, आणि सापळ्यात पाऊल त्याने आपल्या हावेपोटी टाकलेले असते. हिंसा जवळजवळ वर्ज्य असते, आणि ज्या भागात कोणी निर्दोष माणूस चुकून अडकतो त्या भागात त्याची भरपाई होईपर्यंत कथा संपत नाही.

न्यायाइतकाच महत्त्वाचा दुसरा आनंद आहे तो कारागिरीचा, आणि त्यात प्रेक्षक स्वतःच सावज असतो. ‘द स्टिंग’च्या शेवटी सट्टापेढीवर धाड पडते, गोळ्या झाडल्या जातात, दोन्ही नायक रक्तबंबाळ होऊन कोसळतात, खलनायक हादरून निघून जातो आणि मग दोघेही उठून उभे राहतात, कारण धाडही बनावट होती आणि रक्तही. त्या क्षणी प्रेक्षकाला कळते की खलनायकाबरोबर आपल्यालाही चकवले गेले. ‘हसल’ आणि ‘लेव्हरेज’ यांनी ही युक्ती नेमाने वापरली: भागाच्या उत्तरार्धात बेत फसल्यासारखा वाटतो, टोळी पकडली जाते, आणि अखेरच्या काही मिनिटांत मागे जाऊन वगळलेले प्रसंग दाखवले जातात, ज्यांतून तो फसवा अपयशाचा देखावाच बेताचा कळस होता असे उलगडते. उत्तम भाग तोच, ज्यात वगळलेल्या प्रसंगाची खूण आधी डोळ्यांसमोर ठेवलेली असते, म्हणजे चकवा प्रामाणिक राहतो. ‘लेव्हरेज’ने हातचलाखीचे कलाकार अपोलो रॉबिन्स यांना सल्लागार म्हणून घेतले होते, यावरून जादूच्या प्रयोगाशी असलेले या मालिकांचे नाते लक्षात येते. ‘हसल’ने आणखी एक पाऊल टाकले: तिची पात्रे मध्येच थेट कॅमेऱ्याकडे पाहतात, कधी भोवतीचे सारे जग गोठते आणि ती प्रेक्षकाला डाव समजावून सांगतात. अशा रीतीने प्रेक्षकाला टोळीत सामील करून घ्यायचे आणि तरीही त्याच्यापासून एक पान लपवायचे, या दुहेरी नात्यामुळे तो पुढच्या आठवड्यात पुन्हा फसायला उत्सुकतेने येतो. फसवले जाण्याचा अनुभव एरवी अपमानाचा असतो. इथे तो कोणतीही किंमत न मोजता घेता येतो.

या आनंदाचा तिसरा भाग टोळीच्या घडणीत आहे. ‘हसल’मध्ये बेत आखणारा मिकी, सावज घेरून आणणारा वयोवृद्ध आल्बर्ट, जागा-कागदपत्रे-सामान यांची जुळवाजुळव करणारा अॅश, समोरच्याला बोलण्यात गुंतवणारी स्टेसी आणि शिकाऊ डॅनी यांची कामे स्पष्ट वाटलेली आहेत, तर ‘लेव्हरेज’मध्ये हीच वाटणी सूत्रधार, बहुरूपी अभिनेत्री, संगणकतज्ज्ञ, तिजोऱ्या उघडणारी चोर आणि मारामारीत तरबेज माणूस अशी आहे. प्रत्येकाचे कसब निराळे, प्रत्येकाची गरज सारखीच, आणि एकमेकांशी खोटे बोलायचे नाही हा अलिखित नियम. जगाशी अखंड खोटे बोलणारी ही माणसे आपल्या अड्ड्यावर, ‘हसल’मध्ये एडीच्या बारमध्ये, जमली की आपसांत मात्र निखळ विश्वासाने वागतात. आपल्या कामाचा उपयोग काय आणि त्याची कदर कोणाला, हे ज्यांना रोजच्या नोकरीत उमगत नाही अशा असंख्य प्रेक्षकांना हे चित्र मोहवते यात नवल नाही.

तथापि या मालिका ज्या पायावर उभ्या आहेत, तो वास्तवात टिकत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. मुंबईत 19 मार्च 1987 रोजी ऑपेरा हाउस भागातील एका नामांकित सराफी पेढीवर केंद्रीय अन्वेषण विभागाच्या नावाने बनावट छापा पडला आणि सूत्रधार दागिने घेऊन नाहीसा झाला. 2013 मधील ‘स्पेशल 26’ हा चित्रपट याच घटनेवर आधारलेला आहे. छाप्यासाठी माणसे हवी होती, म्हणून सूत्रधाराने वर्तमानपत्रात नोकरीची जाहिरात दिली होती आणि रीतसर मुलाखती घेऊन तरुण निवडले होते. सरकारी नोकरी लागली या समजुतीने छाप्यात भाग घेणारे हे तरुण पहिले फसलेले होते, आणि त्यांच्या ठायी लोभ नव्हता, काम मिळण्याची आशा होती. अलीकडच्या ‘डिजिटल अटके’च्या प्रकारांत तर आमिषही नसते: पोलीस किंवा तपास अधिकारी असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर माणसाला तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस धाकात ठेवले जाते आणि कायदा पाळण्याची सवय असलेला निवृत्त शिक्षक किंवा एकटी राहणारी आजी आयुष्यभराची पुंजी स्वतःच्या हाताने पाठवून देते. कायद्यात अशा अटकेची कोणतीही तरतूद नाही, असा इशारा खुद्द पंतप्रधानांना ऑक्टोबर 2024 मध्ये आकाशवाणीवरून द्यावा लागला. प्रामाणिक माणसाला फसवता येते; बहुतेक वेळा त्याच्या प्रामाणिकपणाचाच उपयोग करून फसवले जाते.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1952 मध्ये लिहिलेला एक निबंध या संदर्भात मोलाचा आहे. लूट झाल्यावर टोळीचा एक जण सावजाजवळ मागे राहतो आणि त्याची समजूत घालतो, जेणेकरून तो आरडाओरडा न करता झाले ते गिळून घरी जाईल. ही पायरी गॉफमन यांनी बारकाईने तपासली. त्यांच्या मते सावजाचा फक्त पैसा जात नाही. आपण चतुर आहोत, व्यवहार जाणतो, ही स्वतःविषयीची प्रतिमाही त्याच्या हातून जाते. खेळकर मालिकेला ही पायरी दाखवता येत नाही, कारण ती दाखवताच प्रेक्षकाची सहानुभूती बाजू बदलेल. म्हणून सावज इतके मग्रूर रंगवावे लागते की त्याच्या मानहानीचे दुःख वाटू नये, आणि डाव संपताच कॅमेरा त्याच्यावरून हटवून विजयी टोळीकडे न्यावा लागतो.

यामुळे या मालिका कमी प्रतीच्या ठरत नाहीत. बुद्धीने सत्तेवर मात करावी, नाडणाऱ्याला त्याच्याच हत्याराने गाठावे आणि हे सारे रक्त न सांडता व्हावे, ही इच्छा निकोप आहे, आणि ती इतक्या कसबाने पुरवणाऱ्या लेखकांचे ऋण मानायलाच हवे. मात्र पडद्यावरचे धर्मसूत्र पडद्यावरच सोडले पाहिजे. फसलेला माणूस लोभीच असणार हा समज मनात घर करून बसला की फसलेल्या शेजाऱ्याची विचारपूस होण्याऐवजी उलटतपासणी होते. मग लाजेपोटी तो घरच्यांनाही सांगत नाही, 1930 या मदत क्रमांकावर लगेच फोन करून पैसे अडवण्याची वेळ निघून जाते आणि ठकसेनाला पुढचे सावज शोधायला मोकळीक मिळते. मिकी ब्रिक्सच्या डावाला मनमुराद दाद देणाऱ्या प्रेक्षकाने खऱ्या फसवणुकीची हकिगत ऐकताना मात्र फसलेल्याच्या बाजूने उभे राहावे, आणि हे दोन्ही एकाच माणसाला सहज जमण्यासारखे आहे.