पासवर्ड बरोबर, तरी दार बंद : जोडलेल्या डोमेनवर लॉगिन का अडते?

एप्रिल महिना. जयंतीच्या बातम्या आणि फोटो त्याच दिवशी वेबसाइटवर जायला हवे होते. मेहकरहून एका कार्यकर्त्याचा फोन आला : "ताई, पासवर्ड टाकला का पान वापस तिथंच येते." आम्ही पासवर्ड बदलून दिला. तरी तेच. पुन्हा बदलला. मग चिखलीचा कार्यकर्ताही बाहेर पडला, कारण दोघे एकच खाते वापरत होते. शेवटी बातम्या व्हॉट्सअॅपवर गेल्या आणि आठवडाभरात गडप झाल्या.

चूक पासवर्डची नव्हतीच. ती आमच्या मांडणीत होती.

आपल्यापैकी अनेक गट वर्डप्रेसची मल्टिसाइट वापरतात. २०१० साली आवृत्ती ३.० मध्ये ही सोय मूळ वर्डप्रेसमध्ये आली. एका सर्व्हरवर, एकाच यंत्रणेत जिल्ह्याची मुख्य साइट आणि तालुक्यांच्या उपसाइट चालतात. प्रत्येक उपसाइटला स्वतःचे वेगळे डोमेन जोडता येते. २०१६ च्या आवृत्ती ४.५ पासून त्यासाठी वेगळे प्लगइनही लागत नाही.

लॉगिन केल्यावर ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद साठते, तिला कुकी म्हणतात. ती म्हणजे ओळखपत्रच. पण एका डोमेनची कुकी ब्राउझर दुसऱ्या डोमेनला दाखवत नाही. खामगावच्या अभ्यासिकेचे ओळखपत्र मेहकरच्या अभ्यासिकेत चालत नाही, मग दोन्ही एकाच संस्थेच्या का असेनात. म्हणून मुख्य साइटवर आत असलात, तरी जोडलेल्या डोमेनवर पुन्हा लॉगिन करावे लागते. हा बिघाड नाही, सुरक्षेचा नियम आहे.

तपासणी या क्रमाने करा

१. इनकॉग्निटो विंडो उघडा. तेच नाव व पासवर्ड मुख्य साइटवर टाका. तिथे चालले, तर पासवर्ड बरोबर आहे. संपूर्ण नेटवर्कला खाते एकच असते, त्यामुळे पासवर्ड बदलत बसू नका.

२. कुकीज बंद असल्याचा संदेश येतो? डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये कुकी डोमेनची ओळ पाहा. तिथे मुख्य साइटचाच पत्ता पक्का केलेला असेल, तर जोडलेले डोमेन अडते. ज्या पत्त्यावरून विनंती येईल तोच पत्ता घेतला जाईल, अशी ती ओळ हवी. आधी फाइलची प्रत ठेवा. ही फाइल सगळ्या साइटना एकच असते. एक अर्धविराम चुकला तरी सर्व साइट बंद पडतात.

३. परवानगी नसल्याचा संदेश येतो? खाते आहे, पण त्या उपसाइटवर त्या व्यक्तीला जोडलेले नाही. तिथल्या सदस्यांत घाला आणि संपादकाची भूमिका द्या.

४. काहीच संदेश न येता पान परत येते? नेटवर्क व्यवस्थापनात त्या साइटचा पत्ता नीट वाचा. एचटीटीपी की एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह की त्याशिवाय, हे सगळीकडे सारखे हवे. कॅशे प्लगइनमधून लॉगिनचे पान वगळा.

५. ब्राउझर सुरक्षेचा इशारा देतो? त्या डोमेनला प्रमाणपत्र मिळालेले नसेल किंवा त्याची मुदत संपली असेल. ते दुरुस्त होईपर्यंत पासवर्ड टाकू नका.

डोमेन नुकतेच जोडले असेल, तर डीएनएसचा बदल सगळीकडे पोहोचायला काही तासांपासून दोन दिवस लागू शकतात. म्हणून असे काम कार्यक्रमाच्या आदल्या रात्री काढू नये.

यानंतर आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. प्रत्येकाचे खाते वेगळे. मुख्य व्यवस्थापक दोन, एक नाही. आणि डोमेनची नोंदणी संस्थेच्या ईमेलवर, कुणा एकाच्या खासगी ईमेलवर नाही. साइट बनवणारा पोरगा उद्या नोकरीसाठी पुण्याला जाईल. त्याने जरूर जावे. पण जाताना आपल्या वर्षानुवर्षांच्या बातम्यांची किल्ली त्याच्या खिशात राहायला नको.

तुमच्या तालुक्याच्या साइटची किल्ली आज कुणाकडे आहे? या रविवारच्या बैठकीत विचारून घ्या.