संगणक हार्ड डिस्क ओळखीना, तेव्हां

वैशाखांतील एक दुपार. सोलापुरांतील एखाद्या घरीं कोणी वडीलधारें माणूस नातीच्या लग्नाचीं छायाचित्रें पाहावीं म्हणून कपाटांतील हार्ड डिस्क बाहेर काढतें, तिची केबल संगणकास जोडतें, आणि पडद्यावर कांहींच उमटत नाहीं. पेटीचा दिवा लागतो, क्षणभर बारीक घरघर ऐकूं येते. परंतु संगणकाला त्या पेटीची ओळख पटत नाहीं. मग घरांतील तरुण मंडळी केबल उपटून पुन्हां पुन्हां खुपसूं लागतात, कोणी पेटीवर टिचकी मारून पाहातें, आणि शेवटीं ‘फॉरमॅट करावयाचें काय?’ असें संगणकानें विचारतांच घाईनें होकार दिला जातो. वर्षानुवर्षांचा संग्रह पुष्कळदां मूळ बिघाडानें नव्हे, तर या घाईनें हातचा जातो.

सोलापूरची चादर जॅकार्ड पद्धतीच्या मागावर विणली जाते. या मागाला नक्षी कळते ती, परंपरेनें, भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून. नक्षी उमटेनाशी झाली तर जाणता विणकर आधीं सूत, दोऱ्या आणि वीज तपासतो. पुठ्ठे फेकून देत नाहीं, कारण नक्षी त्यांतच आहे हें तो जाणतो. हार्ड डिस्कसंबंधींही हाच विवेक हवा. संगणकाला पेटी न दिसणें आणि पेटींतील ऐवज नष्ट होणें, या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत.

१९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें पुढें आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्क यंत्रांत ५० तबकड्या होत्या व त्यांवर सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आज तळहाताएवढ्या, एक टेराबाइटच्या पेटींत एक लक्ष कोटी बाइट मावतात. तत्त्व मात्र तेंच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी गरगर फिरते, लहान पेट्यांत बहुधा मिनिटास ५,४०० वेळां. आणि एक सूक्ष्म वाचक-टोंक, तिला न शिवतां, कांहीं नॅनोमीटर अंतरावरून तिच्यावरील लेखन वाचतें. ही तबकडी व संगणक यांच्या दरम्यान वीज, केबल, यूएसबी पोर्ट आणि पेटींतील लहानसा सर्किट बोर्ड अशा कड्या असतात. शिवाय कोणती वस्तु कोठें ठेविली आहे, याची अनुक्रमणिकाही तबकडीवरच असते. यांपैकीं कोणतीही कडी तुटली तरी पेटी दिसेनाशी होते. म्हणून तपासणी बाहेरून आंत करावी, आणि निरुपद्रवी उपाय आधीं योजावे.

प्रथम पेटीला कान द्यावा. ठराविक अंतरानें टक-टक असा आवाज येत असेल, किंवा कांहीं घासल्यासारखें ऐकूं येत असेल, तर केबल तत्काळ काढावी व पुढील प्रयोग बंद ठेवावे. हा आवाज बहुधा वाचक-टोंकाच्या विकाराचा असतो, आणि प्रत्येक नव्या प्रयत्नाबरोबर तबकडी खरचटण्याचा संभव वाढतो. ज्या एसएसडी पेट्यांत फिरती तबकडीच नसते, त्यांस ही कसोटी लागू नाहीं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. उघड्यावर चालणाऱ्या पुष्कळ पेट्यांसाठीं उत्पादकांनीं ३५ अंश सेल्सिअस ही हवेची कमाल मर्यादा सांगितलेली असते. सोलापुरांत मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. उन्हांत उभ्या असलेल्या गाडींतून आणलेली पेटी लगेच जोडूं नये. सावलींत तास-दोन तास निवूं द्यावी. ती शीतकपाटांत ठेवण्याचा उपाय कोणी सुचवील, तो करूं नये. गार पेटी बाहेर काढतांच तिच्यावर दंव धरतें व तें अधिक घातक असतें.

यानंतर वीज आणि केबल. लहान पेटी आपली वीज संगणकाकडूनच घेते. जुन्या यूएसबी २ पोर्टाची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, यूएसबी ३ ची ९०० मिलिअँपिअर. पोर्ट जुना असेल, किंवा एकाच हबवर चार उपकरणें लटकत असतील, तर दिवा लागूनही तबकडी पुरती फिरत नाहीं. म्हणून हब वगळून पेटी थेट संगणकास, शक्य तर त्याच्या मागील बाजूच्या पोर्टास जोडावी. मोठ्या पेट्यांस स्वतंत्र अॅडॉप्टर लागतो, तो तपासावा. मग केबल बदलून पाहावी. कांहीं केबली केवळ चार्जिंगच्याच असतात, त्यांतून माहिती वाहात नाहीं. शेवटीं पेटी दुसऱ्या संगणकास जोडावी. तेथें ती दिसली तर दोष पहिल्या संगणकाचा. तो बंद करून पुन्हां सुरू करावा. डिव्हाइस मॅनेजरमधील त्या पेटीची नोंद काढून ती नव्यानें जोडावी. यानें पेटींतील ऐवजास धक्का लागत नाहीं.

एवढ्यानेंही काम झालें नाहीं, तर विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट उघडावें. पेटी तेथें निरोगी दिसत असून तिला अक्षर मिळालेलें नसेल, तर मोकळें अक्षर द्यावें, काम संपलें. परंतु ती ‘रॉ’ दिसत असेल, किंवा इनिशियलाइज अथवा फॉरमॅट करण्यास सांगितलें जात असेल, तर नकारच द्यावा. या खुणा अनुक्रमणिका विसकटल्याच्या असूं शकतात. खालचा ऐवज बहुधा शाबूत असतो. कित्येकदां तर कांहींच बिघडलेलें नसतें. मॅक संगणकावर त्याच्याच पद्धतीनें मांडलेली डिस्क विंडोजला आपण होऊन वाचतां येत नाहीं, म्हणून तो फॉरमॅट सुचवितो. दुरुस्तीची चेकडिस्क ही आज्ञाही आधीं प्रत काढल्यावांचून देऊं नये, कारण ती अनुक्रमणिकेंत फेरफार करते.

डिस्क मॅनेजमेंटमध्येंही पेटी मुळींच दिसत नसेल, तर दोष सर्किट बोर्डाचा किंवा खुद्द डिस्कचा. कांहीं पेट्यांतील डिस्क बाहेर काढून दुसऱ्या जोडणीनें वाचतां येते. परंतु कांहींत यूएसबीचें तोंड डिस्कच्याच बोर्डावर असतें, तर कांहींत सारी माहिती सांकेतिक लिपींत ठेविलेली असते व मूळ बोर्डावांचून ती उलगडत नाहीं. म्हणून येथून पुढें माहिती परत मिळविणाऱ्या तज्ज्ञाचेंच काम. डिस्कचें मोहोरबंद झांकण तर घरीं कधींच उघडूं नये. वाचक-टोंक व तबकडी यांतील फटीपुढें धुळीचा साधा कणही डोंगराएवढा असतो.

तथापि खरा उपाय बिघाडापूर्वींचा आहे. ज्या ऐवजाची प्रत एकाच पेटींत आहे, तो सुरक्षित नव्हे. दुसरी प्रत दुसऱ्या पेटींत करावी आणि ती दुसऱ्या घरीं, पुण्या-मुंबईस राहाणाऱ्या मुलाकडे किंवा बहिणीकडे ठेवावी. केबल काढण्यापूर्वीं संगणकाची अनुज्ञा घ्यावी. आणि दिवाळीच्या साफसफाईंत, वर्षांतून एकदां तरी, दोन्ही पेट्या जोडून छायाचित्रें खरोखरच उघडतात कीं नाहीं, हें पाहावें.