ड्राय आइस: हाताळणी, साठवण आणि विल्हेवाट

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचे तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस असते. साध्या बर्फासारखे त्याचे पाणी होत नाही, थेट वायू होतो; या क्रियेला संप्लवन म्हणतात. मागे ओल राहत नसल्याने आइस्क्रीम, मासळी, लसी आणि प्रयोगशाळेतील नमुने पाठवताना तो वापरतात. लग्नाच्या स्टेजवर जमिनीलगत पसरणारा पांढरा धूरही बहुधा गरम पाण्यात ड्राय आइस टाकूनच केलेला असतो. त्याचे मुख्य धोके तीन: थंडी, वायू आणि दाब.

उघड्या हाताने धरल्यास काही क्षणांतच कातडी गोठते आणि भाजल्यासारखी जखम होते. म्हणून जाड, सैलसर हातमोजे घालावेत, तुकडे चिमट्याने उचलावेत आणि लादी फोडताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावावा. तो तोंडात तर कधीच जाऊ देऊ नये. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात मुखशुद्धी समजून तो खाल्लेल्या ग्राहकांना रक्ताच्या उलट्या झाल्या. त्वचा गोठल्यास ती चोळू नये. कोमट पाण्यात धरावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

दुसरा धोका दिसत नाही. एक किलो ड्राय आइसपासून ५०० लिटरहून अधिक वायू तयार होतो. तो हवेच्या दीडपट जड असल्याने खाली साचतो. तळघर, खड्डा आणि बंद खोली म्हणूनच घातक ठरतात. हवेत त्याचे प्रमाण एरवी सुमारे ०.०४ टक्के असते; ४ टक्क्यांना जिवावर बेतू शकते. फेब्रुवारी २०२० मध्ये मॉस्कोत एका समारंभात बंदिस्त जलतरण तलावात ड्राय आइस ओतल्यावर तिघांचा मृत्यू झाला. डोके दुखू लागले, धाप लागली किंवा गरगरले, तर ताबडतोब मोकळ्या हवेत जावे. गाडीतून नेताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

साठवणीसाठी थर्माकोलचे जाड खोके चालते, मात्र झाकण घट्ट नसावे. बाटलीत किंवा हवाबंद डब्यात वायूचा दाब वाढत जाऊन स्फोट होतो. घरच्या फ्रीजरचा उपयोग नाही: तेथील उणे १८ अंशांतही ड्राय आइस विरतच राहतो आणि वायू बंद जागेत कोंडतो. चांगल्या खोक्यातही दिवसाला काही किलो घट होते, म्हणून वापराच्या वेळेलगतच आणि गरजेपुरताच विकत घ्यावा.

उरलेला ड्राय आइस उघड्या खोक्यात, घराबाहेर मोकळ्या हवेत, मुले आणि जनावरे पोहोचणार नाहीत अशा जागी विरू द्यावा. सिंक, संडास किंवा गटारात टाकल्यास थंडीने भांडे वा नळ तडकतो. कचराकुंडीत टाकल्यास सफाई कामगाराचा हात त्याला लागू शकतो. सगळा विरल्याची खात्री झाल्यावरच रिकामे खोके कचऱ्यात द्यावे.